गोगलगाईला काय विचारावे?

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून पक्क्या माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्राने या प्राण्यांच्या वर्गाला दिलेले नाव अगदी त्याच अर्थाचे आहे. ‘पोट’ आणि ‘पाय’ या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड; आपल्या पाठ्यपुस्तकांत तो ‘उदरपाद’ झाला. परसातल्या अळवाच्या पानावर चढणाऱ्या गोगलगाईकडे नीट बघून कुणीतरी जे बोलून ठेवले, ते शास्त्राच्या नोंदीइतके नेमके आहे. या पुस्तकाचा विषय तिच्या पोटातली दुसरी एक गोष्ट आहे. समुद्रकिनाऱ्यावरची गोगलगाय पाण्यातून आणि खाण्यातून मिळालेले जड धातू अंगात साठवत जाते. तो साठा मोजून किनाऱ्याच्या पाण्याची तब्येत कळते का, आणि कळत असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न गेली पन्नासेक वर्षे जगभरचे अभ्यासक धसास लावत आहेत. मराठीतून या अभ्यासाकडे येणाऱ्यांसाठी हे उंबरठ्यावरचे चार शब्द.

येणाऱ्याजवळ फार काही असायला हवे असे नाही. शाळेतले रसायनशास्त्र, पाय चिखलात घालण्याची तयारी आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक वाचता येणे, एवढ्यावर सुरुवात होते. कोकणातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींकडे यातल्या शेवटच्या दोन गोष्टी जन्मापासून असतात. त्या भांडवलाची किंमत त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून ती इथे पहिल्याच पानावर सांगतो.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो रास्त आहे: धातू पाण्यात आहेत, तर सरळ पाणीच का तपासू नये? बाटली भरा, प्रयोगशाळेत द्या, आकडा घ्या. अडचण अशी की खाडीचे पाणी एका जागी थांबत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. सकाळी अकराला भरलेली बाटली सकाळच्या अकराचे सांगते. मध्यरात्री नाल्यातून जे सोडले गेले, ते तोवर समुद्रात गेलेले असते. शिवाय प्रमाण इतके सूक्ष्म असते की बाटलीच्या झाकणातला, हातमोज्यातला, प्रयोगशाळेतल्या धुळीतला धातू समुद्रातल्या धातूपेक्षा जास्त भरतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रसिद्ध झालेले समुद्रपाण्यातल्या धातूंचे बरेचसे आकडे याच कारणाने फुगलेले होते, हे पुढे अति-स्वच्छ प्रयोगशाळा उभ्या राहिल्यावर लक्षात आले.

आणि समजा पाण्याचा आकडा अगदी बिनचूक मिळाला, तरी त्यातले किती सजीवांच्या अंगी लागते, हा प्रश्न उरतोच. गाळाचेही तसेच. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास नदीच्या मुखाशी साचलेल्या गाळातला पारा मोजला, तेव्हा त्या खोऱ्यातल्या उद्योगांचा इतिहास त्या थरांत सापडला. गाळाला स्मरण असते. पण गाळातल्या धातूचा काही भाग खनिजाच्या कणात असा घट्ट बसलेला असतो की कोणत्याही प्राण्याला त्याची बाधा होत नाही, आणि काही भाग सहज सुटून येतो. रसायनशास्त्रज्ञ आम्लात विरघळवून दोन्ही एकत्र मोजतो. जिवंत शरीर मात्र त्याला जे मिळते तेवढेच घेते. म्हणून शरीरालाच विचारायचे. अमेरिकेतले समुद्ररसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली ‘मसल वॉच’ची, म्हणजे शिंपल्यांच्या मदतीने किनाऱ्यांवर पहारा ठेवण्याची कल्पना मांडली, आणि १९८६ पासून अमेरिकेत ती राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली. गोगलगाईंचा अभ्यास त्याच घरातला. शिंपला पाणी गाळून खातो, त्यामुळे तो पाण्यात तरंगणाऱ्या कणांबद्दल सांगतो. गोगलगाईंच्या खाण्यापिण्याच्या तऱ्हा मात्र अनेक आहेत.

अमावास्येनंतरच्या मोठ्या सुकतीला कोकणातल्या कुठल्याही खडपावर उतरा. काळ्या कातळाच्या भेगांत, सावलीच्या बाजूला, बोराएवढ्या गोल गोगलगाई एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील. या नेरिटा. एखादी उचललीत की ती अंग आत ओढते आणि दगडासारखे कठीण झाकण दारावर घट्ट बसवते. कातळावर चढलेला शेवाळाचा पातळ थर दातेरी जिभेने खरवडून खाणे हा तिचा उद्योग. तो थर पाण्यातले विरघळलेले धातू शोषून घेतो, म्हणून नेरिटा मुख्यतः पाण्याविषयी बोलते. चार पावले खाली, कालवे आणि पांढरी धारदार बार्नॅकल जिथे कातळाला लागलेली असतात तिथे, खडबडीत, टोकदार कवचाच्या शिकारी गोगलगाई सापडतात. त्या कालवाच्या कवचाला भोक पाडून आतले मांस खातात. अशी एक जरा दाबली तर बोटाला पांढुरका द्रव लागतो, आणि उन्हात पाहता पाहता तो पिवळा, हिरवा आणि शेवटी जांभळा होतो. वास उग्र, सडक्या कोबीसारखा; दिवसभर जात नाही. हीच प्राचीन भूमध्य सागरातली राजवस्त्रांची जांभळी. पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली तिची रचना शोधली, तेव्हा बारा हजार गोगलगाईंतून त्याला जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला. या रंगात समुद्रातला ब्रोमीन असतो; समुद्रातून वस्तू वेचून अंगी जमवण्यात हा प्राणी किती पटाईत आहे, याचा तो जुना दाखला. धातू ब्रोमीनसारखे नसतात, त्यांची प्रक्रिया वेगळी असते. पण वेचण्याची ताकद तीच.

खाडीत आत, कांदळवनाच्या चिखलात, तिसरीच मंडळी भेटते: लांब, शंकूसारखी, काळपट टेलिस्कोपियम. ती गाळ खाते आणि गाळाविषयी बोलते. एकाच खाडीत या तिघींना विचारले तर तीन उत्तरे येतील. नवखा अभ्यासक त्यांना परस्परविरोधी ठरवून गोंधळतो. प्रत्यक्षात प्रश्नच तीन वेगळे असतात.

आता शरीराच्या आत. धातू म्हणजे विष, हे समीकरण दारातच सोडून यावे. बहुतेक समुद्री गोगलगाईंच्या रक्तात आपल्यासारखे लोहाचे हिमोग्लोबिन नसते. तांब्याचे हिमोसायनिन असते, आणि हवा लागली की ते रक्त निळसर दिसते. म्हणजे अगदी निर्मळ किनाऱ्यावरच्या गोगलगाईतही तांबे भरपूर सापडणार. टोपीच्या आकाराचे कवच असलेली लिंपेट नावाची गोगलगाय समुद्रातून लोह मिळवून त्याचे दात घडवते. गोथाइट या लोहखनिजाचे ते दात सजीवांनी तयार केलेल्या सर्वांत मजबूत पदार्थांपैकी आहेत, असे ब्रिटिश अभियंत्यांनी २०१५ साली दाखवून दिले. तेव्हा तांबे, जस्त, लोह ही तिची गरज. कॅडमियम, पारा, शिसे यांचा तिला काही उपयोग नाही. ते इतर धातूंच्या वाटेने आत शिरतात.

आत आलेल्या नकोशा धातूचे ती दोन प्रकारे करते. एक, मेटॅलोथायोनिन नावाची गंधकयुक्त प्रथिने त्याला पकडून ठेवतात. हे प्रथिन १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात पहिल्यांदा सापडले, आणि पुढे १९९७ मध्ये युरोपातल्या जमिनीवरच्या एका गोगलगाईत असे दिसले की तिच्याकडे कॅडमियमसाठी वेगळे आणि तांब्यासाठी वेगळे मेटॅलोथायोनिन असते. एक नकोशाला डांबून ठेवायला, दुसरे हव्याशाची ने-आण करायला. दुसरा प्रकार म्हणजे पाचकग्रंथीत धातूचे बारीक कण बांधून ठेवणे. ही पाचकग्रंथी कवचाच्या अगदी वरच्या वेटोळ्यात, टोकाशी असते. करडी-हिरवी, मऊ, हात लावताच फुटणारी. धातूंचा मोठा वाटा तिथे सापडतो. म्हणून मांस काढताना ते टोक कवचात तुटून राहिले, तर आपण गोगलगाय मोजली पण तिचे कोठार मोजलेच नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिले पंधरा दिवस फक्त हेच करायला लावतो: कवच अलगद फोडून अख्खे वेटोळे बाहेर काढणे. कंटाळवाणे काम आहे, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

बांधून ठेवलेल्या कणांची एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. भक्ष्याच्या अंगात असा पक्का बांधलेला धातू शिकारी गोगलगाईच्या आतड्यातून तसाच बाहेर पडतो, तिला तो पचवता येत नाही, असे नॉट आणि निकोलाइदू या संशोधकांनी १९९० साली दाखवले. म्हणजे ‘मोठा मासा लहान माशाला खातो आणि विष वाढत जाते’ हे चित्र पाऱ्याच्या बाबतीत खरे असले, तरी प्रत्येक धातूला लावता येत नाही. वर्तमानपत्रांतून ते सरसकट लावले जाते, आणि त्याने लोकांच्या मनात नको तिथे भीती बसते, हवी तिथे बसत नाही.

या शास्त्राचा कस प्रत्यक्षात कसा लागला, ते पाहायला इंग्लंडच्या किनाऱ्यावर जावे लागते. सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ एव्हनमाउथ येथे जस्त गाळण्याचा मोठा कारखाना होता. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम हमखास येते. १९७२ साली बटरवर्थ, लेस्टर आणि निकलेस यांनी तिथून समुद्राकडे जाताना ठिकठिकाणचे लिंपेट आणि समुद्रशेवाळ तपासले. कारखान्याच्या बाजूला कॅडमियम प्रचंड, आणि जसजसे दूर जावे तसतसे कमी. लिंपेट कातळावरच्या आपल्या ठरलेल्या जागी परत येऊन बसतो. त्याच्या कवचाची कड त्या जागेशी जुळलेली असते. असा घरकोंबडा प्राणी साक्ष देतो तेव्हा ती त्या जागेचीच साक्ष असते. माशाबद्दल असे म्हणता येत नाही. तो काल कुठे होता कोण सांगणार?

पण या क्षेत्राची खरी मोठी कहाणी दुसरीच आहे, आणि तिथे जरा थांबावेसे वाटते. १९७० साली स्टीफन ब्लेबर यांनी प्लिमथच्या किनाऱ्यावरच्या डॉगव्हेल्क, म्हणजे न्यूसेला लॅपिलस या शिकारी गोगलगाईच्या माद्यांत उजव्या शिंगामागे नराच्या लिंगासारखा अवयव वाढलेला पाहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बी. एस. स्मिथ यांनी चिखलातल्या दुसऱ्या एका जातीत तोच प्रकार नोंदवला आणि त्याला ‘इम्पोसेक्स’ हे नाव दिले. मादीवर नराचे अवयव लादले जाणे, असा त्याचा अर्थ. कारण कळायला दहा वर्षे गेली. होड्यांच्या आणि जहाजांच्या तळाला शेवाळ आणि बार्नॅकल लागू नयेत म्हणून जो रंग देत, त्यात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे सेंद्रिय संयुग असे. रंगातून ते थोडे थोडे पाण्यात सुटत राही. सुटावे यासाठीच ते घातलेले होते. बंदरात होड्या जितक्या जास्त, तितक्या विकृत माद्या जास्त, हे स्मिथ यांनी १९८१ पर्यंत दाखवून दिले.

यातले प्रमाण ऐकण्यासारखे आहे. एक लिटर पाण्यात कथिलाचा एक नॅनोग्रॅम असला तरी डॉगव्हेल्कमध्ये बदल सुरू होतो. पंचवीस लाख लिटरच्या पोहण्याच्या तलावात अडीच मिलिग्रॅम टाकावे, इतके ते कमी. त्या काळच्या नेहमीच्या प्रयोगशाळांना इतके सूक्ष्म मोजणे जड जात होते. खडकावरची मादी मात्र ते अंगावर दाखवत होती. प्रमाण जरा वाढले की मादीच्या अंगात वाढलेली शुक्रवाहिनी अंडी बाहेर येण्याचे दार बुजवून टाकते. अंड्यांच्या कुप्या आतच अडकतात आणि मादी मरते. डॉगव्हेल्कची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जात नाहीत. कुपीतून थेट रांगत बाहेर पडतात. त्यामुळे एका किनाऱ्यावरची वस्ती संपली की बाहेरून भरपाई होत नाही. प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनमधले जेफ्री ब्रायन, पीटर गिब्ज आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये नैऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यांवरून ही गोगलगाय कशी नाहीशी होत चालली आहे, ते ठिकाणवार मांडले. फ्रान्सने आपल्या कालवांच्या शेतीचे आर्काशोंच्या उपसागरात झालेले नुकसान पाहून १९८२ सालीच लहान होड्यांसाठी हा रंग बंद केला होता. ब्रिटनने १९८७ मध्ये केला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ साली झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. इंग्लंडच्या अनेक किनाऱ्यांवर डॉगव्हेल्क हळूहळू परत आली आहे.

ही कहाणी आपल्याकडेही पोचते. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले वाय. विश्वकिरण आणि ए. सी. अनिल यांनी १९९९ साली भारतीय पाण्यातल्या इम्पोसेक्सची नोंद प्रसिद्ध केली. ज्या गोगलगाईत ती झाली तिचे शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणच्या नावाची गोगलगाय, आणि तिच्या माद्यांच्या अंगावर जगभरच्या जहाजांच्या रंगाची खूण. आपल्या खडपांवर फिरताना मी अजूनही ती दिसली की हातात घेऊन बघतो. बंदी आल्यानंतर जहाजांच्या रंगांत तांब्याचा वापर वाढला. आपल्या बंदरांजवळच्या गोगलगाईंत तांबे वाढते आहे का, हा प्रश्न पुढच्या पिढीने हाती घ्यावा असा आहे; फक्त त्यांच्या रक्तातले तांबे आधी हिशेबात धरून.

आता आपल्या किनाऱ्याच्या खास अडचणी. पहिली आपल्या पायाखालच्या दगडाची. सह्याद्रीचा बेसॉल्ट तांबे, निकेल, क्रोमियम यांत मुळातच समृद्ध आहे, आणि पावसाळ्यात नद्या तो झिजवून खाडीत आणतात. दक्षिणेकडे जांभा आला की लोह आणि मँगनीज वाढतात. गोव्यात मांडवी आणि झुआरीतून लोहखनिजाचे बार्ज वर्षानुवर्षे गेले, त्याची भर वेगळी. तेव्हा युरोपातल्या वाळूच्या किनाऱ्यावरचा ‘स्वच्छ’ आकडा आणून त्याच्याशी रत्नागिरीची गोगलगाय ताडून पाहणे चूक आहे. आपले निर्मळ आकडे आपण, आपल्याच कातळावर, कारखान्यांपासून दूरच्या खाड्यांत शोधायला हवेत. हे काम पुरेसे झालेले नाही, आणि नवख्या विद्यार्थ्याला ते उत्तम जमण्यासारखे आहे.

दुसरी अडचण पावसाची. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात कॅडमियम क्लोराइडशी बांधलेले असते आणि तसे ते शरीरात सहजी शिरत नाही. जुलैत खाडी गोडी होते, क्लोराइड कमी होते, कॅडमियम मोकळे होते आणि प्राण्यांत जास्त शिरते. पाण्यातले कॅडमियम तितकेच असूनही गोगलगाईतले वाढू शकते! उलट, पाणी फार गोडे झाले की नेरिटा झाकण लावून तासन्‌तास आत बसते, आणि तेवढा वेळ ती काहीच घेत नाही. शिवाय पहिल्या पावसाबरोबर रस्त्यांवरची, गटारांतली घाण येते ती निराळी. म्हणून मे महिन्यातली खाडी ऑगस्टमधल्या खाडीशी ताडून ‘प्रदूषण वाढले’ असे लिहू नये. मेची मेशीच ताडावी.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरातून समजते. आमटी चुलीवर आटली की खारट लागते. मीठ कुणी वाढवलेले नसते. गोगलगाय अंडी घातल्यावर किंवा उपाशी राहिल्यावर वजनाने उतरते, आणि ग्रॅममागे धातू जास्त दिसू लागतो. भराभर वाढणाऱ्या पिल्लांत उलटे होते. यासाठी नमुने एकाच आकाराचे घ्यायचे, कवचाची उंची मोजून लिहायची, आणि ग्रॅममागच्या आकड्याबरोबर एका प्राण्यातला एकूण धातूही मांडायचा. जस्तासारख्या धातूंचे प्रमाण काही प्राणी स्वतःच्या अंगात आवाक्यात ठेवतात, तेव्हा तिथे आकडा न वाढणे म्हणजे पाणी शुद्ध असणे नव्हे. कोणत्या धातूसाठी कोणता प्राणी बोलका आणि कोणता मुका, याचा विचार डेव्हिड फिलिप्स आणि फिलिप रेनबो यांनी १९९३ सालच्या आपल्या पुस्तकात इतका नेटका केला आहे की या विषयात येणाऱ्याने तो ग्रंथ टाळून पुढे जाऊ नये.

प्रयोगशाळेतल्या शिस्तीबद्दल पुढे सविस्तर प्रकरण आहे. इथे एकच अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या हंगामातले जस्ताचे सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले. खडपावरून नमुने मी घरच्या पत्र्याच्या बादलीतून आणले होते, आणि त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, हे मला कळायला चार महिने लागले. चार महिन्यांची मेहनत आणि दोनशेहून अधिक जीव वाया गेले. जिवांची ती रुखरुख अजून आहे. तेव्हापासून नमुने प्लास्टिकच्या डब्यात, मांस काढायला प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा चिमटा, आणि खोलीत तंबाखू मळायला सक्त मनाई, कारण तंबाखूच्या पानात कॅडमियम असते. गोगलगाई आणल्यावर एक दिवस स्वच्छ समुद्रपाण्यात ठेवाव्या, म्हणजे आतड्यातला गाळ निघून जातो. मग मांस साठ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे, नायट्रिक आम्लात विरघळवायचे आणि यंत्राला द्यायचे. पाऱ्यासाठी मात्र उष्णता टाळून गोठवून वाळवावे. पारा उडून जातो. अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडलेली अणुशोषण पद्धत आजही आपल्या बऱ्याच प्रयोगशाळांचा आधार आहे. प्रत्येक खेपेला, ज्यातले प्रमाण आधीच पक्के ठरलेले आहे अशा प्रमाणित नमुन्याची कुपीही त्याच वाटेने न्यावी; कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा लॉबस्टरच्या पाचकग्रंथीचा नमुना यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचा आकडा चुकला तर त्या दिवसाचे बाकी सगळे आकडे चुकले असे धरायचे.

आकडे हाती आल्यावर एक जबाबदारी येते. खाण्याच्या शिंपल्यांतल्या कॅडमियमसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय खाद्यसंहितेची मर्यादा किलोमागे दोन मिलिग्रॅम आहे, आणि ती ओल्या वजनावर आहे. आपण मोजतो सुक्या वजनावर. मांसात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, म्हणजे सुका आकडा ओल्याच्या चार-पाच पट दिसणार. हा फरक न सांगता ‘मर्यादेच्या चौपट विष’ अशी बातमी गेली, तर दुसऱ्या दिवशी बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईच्या तिसऱ्या कुणी घेत नाही. ओहोटीला कंबरभर चिखलात उतरून तिसऱ्या, कालवे गोळा करणाऱ्या बायकांच्या घरची चूल त्यावर चालते, आणि खाडी बिघडल्याचे चटके सर्वांत आधी त्यांनाच बसतात. कुठल्या कोपऱ्यातली कालवे अलीकडे पातळ लागतात, कुठल्या नाल्याखाली गोगलगाई दिसेनाशा झाल्या, हे त्यांना आपल्या आधी माहीत असते. नमुन्याची जागा त्यांना विचारून ठरवावी. निष्कर्ष नियतकालिकात छापण्याआधी त्यांना, त्यांच्या बोलीत, ओल्या वजनात सांगावेत. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. ज्यांच्या पोटात ते अन्न जाणार आहे त्यांचा त्या आकड्यावर पहिला हक्क आहे.

पुस्तक कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. जाती ओळखण्याचे प्रकरण तेवढे आधी वाचा. येत्या अमावास्येची सुकती पंचांगात बघून जवळच्या खडपावर जा. मालवणसारख्या संरक्षित क्षेत्रात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका, आणि शंकूच्या आकाराचा, नक्षीदार कवचाचा शंख कुठेही दिसला तर त्याला हात लावू नका. त्याचा दंश विषारी असतो. पहिल्या खेपेला गोळा काहीच करू नका. कोण कुठे बसले आहे, काय खाते आहे, किती आहेत, एवढेच बघून लिहा. तारीख, वेळ आणि जागा लिहायला विसरू नका, आणि चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा. शाई खाऱ्या पाण्याने पुसते.